जांभ्याचा दगड

“मग उद्या जत्रेत पोथी मीच वाचू ना, बाबा?”

सोनगिरीबाबा ओढ्यावरच्या दगडी बांधावर पाय सोडून बसले होते.

खोऱ्याची पोथी लिहायला त्यांचा शिष्य नीळकंठ तीन वर्षं तासखोरं पालथं घालत होता. पोथी वाचणाराच पुढे मठाची गादी चालवणार, हे उभ्या खोऱ्याला ठाऊक होतं. त्याने तर नवी कफनीही शिवून ठेवली होती.

“काय लिहिलंस?”

“सगळं. तीन डोंगर, अकरा ओढे. दोनदा दरड आली, गाव दोनदा हललं. सात पिढ्यांचे कर्ते पुरुष, नावानिशी.”

“आणि हा बांध?”

“मूळपुरुषाने बांधला.”

“कोण म्हणतं?”

“त्याचे वंशज.”

“हं…”

तेवढ्यात नीळकंठाचे डोळे चमकले. सगळ्या काळ्या दगडांत एक तांबडा!

“बाबा, हा जांभा! आपल्याकडे कुठला? मूळपुरुष कोकणातून आला, हा घ्या पुरावा!”

आणि त्याने दगड उपसला.

पाण्याची चिळकांडी थेट तोंडावर आली. बाबा जरा सरकून बसले.

पायवाटेने दोघी येत होत्या. सासू पुढे, मागे नवी सून सगुणा. तिच्या ओटीत नदीतला गुळगुळीत दगड होता. माहेरच्या नदीतला दगड बांधात बसवल्याशिवाय नवी सून या खोऱ्याचं पाणी तोंडाला लावत नाही.

सासू थबकली. “अहो बुवा, तो माझ्या सासूबाईंचा दगड. चिपळुणाहून आणलेला. तुम्ही कशाला काढलात?”

नीळकंठाने बांधाकडे नीट पाहिलं. सरसकट काळे वाटलेले दगड आता वेगवेगळे दिसले. करडा, हिरवट, पांढुरका, ठिपक्यांचा… तीन वर्षं तो याच बांधावर बसून लिहीत होता.

“बाबा, तुम्ही कधी बोलला नाहीत…”

“तू पुरुषांची नावं विचारत होतास.”

सगुणाला तहान लागली होती. तिने पदर खोचला. “तो आधी जागेवर धरा. घट्ट. मी माती लिंपते, मग माझा शेजारी बसवते.”

त्याने धरला. तिने माती थापली, आपला दगड बसवला, वर ओंजळभर पाणी प्याली.

“माती आळेपर्यंत हात काढू नका हं, बुवा. उद्या दुपार होईल.”

दोघी गेल्या. पोथी काठावर भिजत होती.

“बाबा… जत्रा तर सकाळी आहे.”

बाबा उठले, काठी घेतली.

“हात काढावासा वाटला, तर ये वाचायला.”