नांदखारचा इद्रीस तांडेल

फार फार वर्षांपूर्वी, नांदखारच्या खाडीवर पूल सोडाच, धड धक्काही नव्हता, तेव्हाची ही गोष्ट. पैलतीरी जायचं तर इद्रीस तांडेलाच्या मचव्यात बसायचं. आणि इद्रीस म्हणजे काय माणूस! त्यानं शीळ घातली की वारा वळायचा, असं म्हणतात. सुकाणूला हात लावला की लाटा बाजूला सरायच्या. पोरांचा ताप उतरावा म्हणून बायका त्याच्या डोलकाठीला दोरे बांधायच्या. वाटेत कुणी घाबरलं, तर इद्रीस छातीवर थाप मारून म्हणायचा, "मी आहे ना!"

अल्ला एकच, हे इद्रीसला ठाऊक होतं. पाच वक्त नमाज पढायचा, तोंडानं रोज तेच म्हणायचा. पण मनाच्या एका कोपऱ्यात त्यानं आणखी एकाला बसवलं होतं. स्वतःला.

एकदा लग्नाचं वऱ्हाड पलीकडं निघालं. नवरी सफूरा, तिची आंधळी आजी हाजराबी आणि चाळीस माणसं. आभाळ काळंकुट्ट. किनाऱ्यावरचे कोळी ओरडले, "तांडेला, आज नको रे!" इद्रीस हसला नि त्यानं मचवा लोटला.

खाडीच्या मधोमध वादळानं गाठलं. लाटा माडाएवढ्या! इद्रीसनं शीळ घातली, पण वारा काही वळेना. शीड टरटर फाटलं. डोलकाठी कडाडून मोडली, दोऱ्यांसकट पाण्यात गेली. सगळं वऱ्हाड त्याच्या पायांवर पडलं.

"तांडेलबाबा, तूच तार! तूच आमचा वाली!"

"मी आहे ना!" इद्रीस गरजला. त्याच क्षणी सुकाणू मोडलं. मुठीत नुसता दांडा राहिला.

तेव्हा हाजराबी ओरडली, "इद्रीस, हे सगळे तुला हाक मारतायत. तू कुणाला हाक मारणार रे?"

इद्रीसनं दांडा फेकला, ओल्या फळीवर कपाळ टेकलं आणि जिवाच्या आकांतानं हाक मारली, "या अल्ला! मी कुणी नाही! तू एकटा आहेस, तुझ्यासारखा दुसरा नाही!" त्याच्यामागोमाग सगळं वऱ्हाड ओरडलं, "तू एकटा आहेस!"

असं म्हणतात, की मग डोंगराएवढी एक लाट उठली. तिनं मचवा अलगद उचलला आणि पलीकडच्या वाळूत नेऊन ठेवला. नवरीची एक बांगडीसुद्धा फुटली नाही!

लोक धावले, इद्रीसच्या पाया पडू लागले. त्यानं एकेकाला खांद्याला धरून उठवलं. "अरे, उठा! ज्यानं वाचवलं त्याच्यापुढं झुका. मी तुमच्यासारखाच भिजलोय!"

तरी माणसं ती माणसंच. तो गेल्यावर त्यांनी त्याच्या कबरीवर घुमट बांधायला घेतला. दिवसा भिंत चढायची, पहाटेच्या भरतीत वाहून जायची. असं तीनदा झालं. चौथ्यांदा कुणी दगड उचलला नाही. आज ती कबर कुठं आहे, कुणालाच दाखवता येत नाही.

मात्र वर्षातून एकदा, त्या वादळाच्या दिवशी, नांदखारला मोठी मौज असते. त्या दिवशी मचव्यावर तांडेल नसतो. मुसलमान, कोळी, म्हातारे, पोरंसोरं, सगळे मिळून वल्ही मारतात आणि मचवा खाडीत घालतात. किनाऱ्यावरून कुणीतरी मुद्दाम विचारतं, "अरे, तांडेल कोण तुमचा?"

आणि सगळा मचवा हात वर करून ओरडतो, "एकच! एकच! एकच!"