राक्षस भिंतीलाच का धडकतो

कोल्हापूरच्या शिरोळकर सरांना आपल्या गेम कंपनीचा भारी तोरा. त्यांच्या कोड्यांच्या नव्या गेममधला राक्षस, नायक दिसला रे दिसला की, सरळ धावत सुटायचा आणि मधल्या भिंतीला धडकत राहायचा. दार मात्र हातभर अंतरावर सताड उघडं! ही चूक दाखवली म्हणून सरांनी गेल्याच आठवड्यात प्रोग्रामर व्हनमानेला सगळ्यांसमोर हाकलून दिलं होतं. आणि गेम तर उद्याच बाजारात यायचा होता.

गेमसाठी गोष्टी लिहिणाऱ्या हर्षलावर सर डाफरले, "राक्षस असं का करतो, याचं लोकांना पटेल असं कारण शोध. नाहीतर तूही घरी बस."

हर्षला शांतपणे म्हणाली, "सर, राक्षसाकडे वाट दाखवणारा एक माणूस होता. 'पुढे भिंत आहे' म्हणाला, म्हणून राक्षसानं त्याला हाकलून दिलं. तेव्हापासून त्याला दार कुणी दाखवत नाही."

कुणी हसलंसुद्धा नाही. स्क्रीनवर राक्षस धडका देतच होता. मान वर करून कुणाकडे बघायची सरांना हिंमत होईना.

"व्हनमानेला फोन लाव," ते पुटपुटले. मग त्यांनी स्वतःच फोन उचलला. "नको. हाकललंय मी, मीच लावतो."