झिपरूने पाळलेल्या अळ्या

निमखेडीत झिपरू नावाचा एक भोळा गडी राहायचा. सांगितलेलं काम तो अक्षरन् अक्षर करायचा. गावाला त्याचीच धास्ती होती.

एका साली गावात डेंग्यू शिरला. झिपरूची बायको बायजा पंधरा दिवस तापाने फणफणली. ती उठून बसली तसा झिपरू तडक उपकेंद्रात नर्स वैजयंतीबाईंकडे गेला.

"बाई, माझ्या बायजाला चावले ते! आता मी डासांना सोडत नाही. काम सांगा."

बाईंना माणूस हवाच होता. "साठलेलं पाणी दिसलं की ओतून दे. डास त्यातच अंडी घालतात."

झिपरू कौतिकमावशींच्या घरात शिरला. हंडा, कळशी, माठ, सगळीकडे पाणी साठलेलं. नळाला चार दिवसांनी आलेलं. झिपरूने थेंब न ठेवता अंगणात ओतलं. मावशी झाडू घेऊन उपकेंद्रापर्यंत त्याच्या मागे पळाल्या.

बाई म्हणाल्या, "अरे, वापरातलं पाणी ओतायचं नसतं. त्यात गप्पी मासे सोडायचे. ते अळ्या खातात."

"असं होय! मग आधी सांगायचं ना."

दुसऱ्या दिवशी तो दगडूआप्पांकडे गेला. आप्पा झोपले होते. उशाशी पेला, पेल्यात पाणी, पाण्यात आप्पांची कवळी. म्हणजे वापरातलंच पाणी. झिपरूने दोन गप्पी मासे सोडले. आप्पा उठले, सवयीने कवळी उचलून तोंडात घातली आणि ओरडले, "अगं ए, माझे दात वळवळतायत!"

बाईंनी कपाळावर हात मारला. "लहान भांड्यात मासे नाही सोडायचे, झिपरू! लहान भांडं फडक्याने घट्ट बांधायचं. डासाला फट राहता कामा नये."

"बरं."

तिसऱ्या दिवशी सरपंच शालिकराव पारावर आडवे झाले होते. तोंड सताड उघडं, कडेला लाळ साठलेली. झिपरूने वाकून पाहिलं. भांडं लहानच होतं. त्याने उपरणं काढून तोंडावरून गच्च आवळलं आणि मानेमागे दोन गाठी मारल्या. सरपंच गुदमरून उठले. त्या गाठी सोडवायला तीन माणसं लागली.

आता बाईंनी हातच जोडले. "बाबा रे, कशालाही हात लावण्याआधी मालकाला विचार. आणि हे बघ, येत्या मंगळवारी जिल्ह्याचे मोठे साहेब गावात अळ्या बघायला येणार आहेत. माझी लाज राख."

झिपरू घरोघर फिरला. पण झिपरूच्या धाकाने म्हणा की तापाच्या, गावाने सगळी भांडी घासूनपुसून ठेवली होती. औषधालासुद्धा अळी सापडेना. झिपरू डोकं खाजवत बसला. साहेब एवढ्या लांबून येणार आणि बघणार काय? बाईंची लाज जाणार!

मग त्याने प्रत्येक दारात विचारलं, "साहेब येणारेत, एक मडकं देता का?" लोकांना वाटलं, पाहुण्यांच्या पाण्याची सोय करतोय. सगळ्यांनी आनंदाने दिलं. झिपरूने ती सगळी पाण्याने भरून आपल्या गोठ्यात उघडीच ठेवली.

साहेब मंगळवारी आलेच नाहीत. गुरुवारी आले. गाव फिरले आणि शाळेच्या पटांगणात सगळ्यांसमोर म्हणाले, "शाब्बास! संपूर्ण गावात एक अळी नाही!"

बाईंचा चेहरा फुलला. झिपरूला मात्र राहवेना.

"नाही कशी साहेब? माझ्या घरी आहेत की!"

त्याने बैलगाडी पटांगणात आणली. गाडीत फडक्यांनी बांधलेली चाळीस मडकी. कुणी काही म्हणायच्या आत त्याने भराभरा फडकी ओढली. घोंऽऽ करून काळा ढग उठला. गाव मिळेल त्या दिशेला पळालं. साहेब जीपमध्ये शिरले, तर ढग त्यांच्या आधीच आत.

"अरे गाढवा," साहेब गाल बडवत ओरडले, "हे तर डास आहेत!"

झिपरूला फार वाईट वाटलं.

"मंगळवारपर्यंत अळ्याच होत्या साहेब," तो म्हणाला. "उशीर तुम्ही केलात. लेकरं कुठवर थांबतील?"