कोरे फुगे

“नाक जरा लांब काढलं, एवढ्यावरून समितीने अख्खी चित्रकथा परत पाठवायची?”

अमोघ दारातूनच ओरडत आला. पानांची चळत त्याने इंदुताईंच्या टेबलावर आपटली.

इंदुताई शास्त्रज्ञांच्या वादांचा अभ्यास करणाऱ्या. त्यांची रीत अशी, की दोन्ही बाजूंचं ऐकून घ्यायचं, वाद चौकटीचौकटीत चितारायचा, आणि बोलण्याचे फुगे कोरे ठेवून ती पानं ज्याची त्याला नेऊन दाखवायची. फुग्यातलं त्यानेच भरायचं. अमोघ त्यांचा सगळ्यात हुशार शिष्य. हे त्याला कुणी सांगायची गरज नसे.

आताचा वाद मधमाश्यांचा होता. कांद्याच्या बियाण्याच्या शेतांत माश्या मरून पडत होत्या, दाणाच धरत नव्हता. डॉक्टर नाझरे म्हणत, फवारणीने मरतात. डॉक्टर येलवंडे म्हणत, उन्हाने. फवारणी थांबवायची की नाही, ते समिती ठरवणार होती.

“येलवंड्यांनी पान वर धरलं आणि विचारलं, मी काय विदूषक आहे? झालं! सगळी बैठक त्या नाकावरच. माश्यांचं नावसुद्धा कुणी काढलं नाही, ताई! लाज कशी वाटत नाही या लोकांना?”

“फुगे कोरे होते?”

“...नाही.”

“का?”

“तिकडे माश्या मरतायत! आणि मी त्या माणसाची वाट बघत बसू? तो काय बोलतो ते मला पाठ आहे.”

ताईंनी एक कागद फाडला. त्याचे तुकडे करून एकेक फुगा झाकला. मग पान त्याच्यासमोर सरकवलं.

“आता सांग. खोटं कोण बोलतंय?”

“हा काय, येलवंडे.”

“काय बोलला?”

पानावर आता एवढंच उरलं होतं: लांब नाक, बारीक डोळे, कपाळावर घाम...

तरी हटेना पठ्ठ्या. “म्हणजे दोघांना सारखाच मान द्यायचा? विषाची बाजू घेणाऱ्यालाही? हा कुठला न्याय?”

“मान गेला खड्ड्यात!” ताई कडाडल्या. “माश्या मरतायत म्हणून तर माझं डोकं फिरलंय! त्याला माश्यांबद्दल उत्तर द्यावं लागणार होतं. तू त्याच्या हातात नाक दिलंस. सुटला तो!”

अमोघची मान खाली गेली.

मग ताईंनी नवा कागद पुढे केला.

“त्याचा चेहरा त्याच्यासारखा काढ. फुगा कोरा ठेव. आणि पान अन् पेन घेऊन त्याच्या दारात जा.”

“आणि त्याने त्यात खोटंच लिहिलं तर?”

“लिहू दे की. त्याच्या अक्षरात असेल.”