पाचव्या कमानीवरचं आभाळ

या मंडळी, चपला पायरीशीच काढा. ही आमच्या नांदगळची वेदपाठशाळा. सगळी जांभ्या दगडाची, दीडशे वर्षं होत आली. चार कमानी मोजल्यात ना? आता पाचवी जिथे असायची तिथे मान वर करा. छप्पर नाही, आभाळ आहे. पाहुणे म्हणतात, पडझड झाली असेल. छे हो! मुद्दाम उघडं ठेवलंय.

सटवाजी नावाच्या पाथरवटानं ही शाळा उभी केली, असं सांगतात. पाचवी कमान जुळली तेव्हा अक्षय्यतृतीया चार दिवसांवर आलेली. सटवाजी म्हणाला, "शास्त्रीबुवा, चुना ओला आहे. महिनाभर खालचा लाकडी आधार हलवू नका." पण मुख्य गुरुजी अंताजीशास्त्री मुहूर्तावर अडून बसले. पाथरवटांच्या हातचं लाकूड पूजेच्या जागी नको, म्हणून शिष्यांनीच तो आधार काढला आणि वास्तुशांत उरकली. त्यानंतर पाथरवटांनी आत पाऊल टाकायचं नाही, वेद त्यांच्या कानावर पडायचा नाही, असा तेव्हाचा नियम. ज्यानं बांधली तोच उंबऱ्याबाहेर! मला तर आजही सांगताना संताप येतो.

तिसऱ्या दिवशी पाठ चालू होता. सटवाजीनं अंगणातून पाहिलं, कमानीतून चुन्याची भुकटी गळतेय. "पोरांना बाहेर काढा!" तो ओरडला. शास्त्र्यांनी हातानंच त्याला गप्प केलं. ऋचा मध्येच तोडायची नसते ना! मग त्यानं दारातल्या दोघांना ढकललं, आत घुसला आणि कमानीखालच्या सातही पोरांना धरून धरून बाजूला लोटलं. शेवटचा पोरगा सुटला आणि कमान सटवाजीवर आली.

तो जिवंत होता म्हणे. दगडांखालून कण्हणं ऐकू येत होतं. त्याची बायको भागाई उंबऱ्यावर कपाळ आपटत होती, "मला तरी आत जाऊ द्या हो, मी उचलते दगड!" तिला आत घ्यावं, की आतल्यांनीच त्याला शिवावं, आणि कशाला काय प्रायश्चित्त, ते शास्त्रीबुवा पोथीत बघत बसले. बाकीचे त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. पानं उलटता उलटता कण्हणं थांबलं.

तेव्हा कुठे शास्त्र्यांनी पोथी मिटली. एकट्यानं दगड उपसले, हातांची सालटी निघाली, आणि तिथेच व्रत घेतलं: इथे छप्पर घालायचं नाही, आणि शिकवणाऱ्यानं इथेच बसायचं. आजही आमचे गुरुजी उन्हापावसात इथे बसूनच शिकवतात. तुम्ही येऊन ऐका, कुणीही येऊन ऐका, आता कुणाला मनाई नाही.

त्या सात पोरांतला एक माझा पणजोबा. सोळा वर्षांचा होता, अंगानं चांगला दांडगा. दगड त्याला सहज उचलता आले असते. तो नुसता बघत उभा राहिला.