एका पाटावरच्या दोन डब्या

एका गावात शिवदास नावाचा एक फोटोवाला राहायचा. लग्न असो, बारसं असो, सरपंचाचा सत्कार असो, कॅमेरा त्याचाच. हात चांगला होता आणि तोंड त्याहून मोठं. गावाचे सगळे फोटो त्याच्याकडे दोन डब्यांत होते. हार्डडिस्क म्हणतात त्यांना. एकीत जे असे तेच दुसरीत. एक गेली तर दुसरी आहेच, असं तो छाती पुढं काढून सांगायचा आणि गाव निर्धास्त झोपायचं.

बायको लंका सांगून थकली, की दुसरी डबी माझ्या भावाकडं ठेवा, शेजारच्याच गावात तर आहे. एका कपाटात दोन ठेवल्या तर त्या दोन कसल्या? शिवदासला हे झोंबायचं. माझी लक्ष्मी मेव्हण्याच्या घरात कशाला, म्हणायचा.

दसरा आला. शेतकऱ्यानं विळा पुजला, सुतारानं करवत पुजली. यानं पाट मांडून कॅमेरा बाजूला ठेवला आणि दोन्ही डब्या शेजारी शेजारी पाटावर मांडल्या. हळदकुंकू झालं, झेंडू झाला, मग या गड्यानं पाटाच्या कडेवरच नारळ आपटला. नारळ चांगला पाण्याचा निघाला. सगळं पाणी डब्यांवर. तिथं थांबला असता तर काही तरी वाचलं असतं. पण धीर कुठला? टॉवेलनं पुसून एक डबी तशीच ओली कॉम्प्युटरला लावली. ती गेली. मग घाबरून दुसरी लावली. तीही गेली. तालुक्याच्या दुकानात त्यांनी दोन्ही उघडून पाहिल्या आणि आतलं काही निघणार नाही म्हणून परत दिल्या.

गावाला तेव्हाच सांगायला हवं होतं. सांगितलं नाही, लाज वाटली म्हणे. लाजेपायी खोटं बोलायचं, ही कुठली लाज?

पुढं अनसूयाबाई त्याच्या दारात आली. तिचा नवरा कोंडिबा जाऊन वर्ष होत आलं होतं. वर्षश्राद्धाला भिंतीवर फोटो हवा होता. कोंडिबा कॅमेरा दिसला की गोठ्यात पळायचा. आधार कार्डावर तो चोरासारखा दिसत होता. लेकीच्या लग्नात मात्र फेटा बांधून एकदा मनमोकळा हसला होता, आणि तेवढा एक फोटो शिवदासनं काढला होता. लग्नाचा अल्बम व्याह्यांनी निवडला, त्यात सगळी त्यांचीच माणसं. तो हसरा कोंडिबा शिवदासकडंच राहिला होता.

शिवदास म्हणाला, देतो की मावशी, त्यात काय.

घरी येऊन त्यानं काय केलं? कोंडिबाचा धाकटा भाऊ सखाराम तोंडावळ्यानं तसाच होता. त्याचा नुकताच काढलेला एक हसरा फोटो घेतला, मिशा पांढऱ्या केल्या, डोक्यावर फेटा चढवला, भारीतली फ्रेम लावली. लंकानं पाहिलं. त्या दिवशी तिनं त्याला ताट वाढलं नाही.

वर्षश्राद्धाला घर माणसांनी भरलं होतं. अनसूयाबाईनं फ्रेम हातात घेतली आणि पदरानं काच पुसली. बराच वेळ बघत राहिली. मग तिचे डोळे भरून आले.

"हसतायत खरं," ती म्हणाली. "पण पुढच्या दातात फट होती रे त्यांच्या. तू बुजवलीस का?"

शिवदासनं मान हलवली. हो म्हणाला.

"कशाला बुजवलीस, बाळा? त्या फटीतून शिट्टी मारून म्हशीला बोलवायचे ते."

बाया पदराआड हसल्या, रडल्या. शिवदासच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं. अनसूयाबाईनं फ्रेम खिळ्याला लावली आणि झेंडूची माळ उचलली. समोर पंगतीत सखाराम बसला होता, हातात भाताचा घास. त्याच्याच फोटोला माळ चढणार होती, जिवंत माणसाच्या फोटोला.

"मावशी, थांबा," शिवदास म्हणाला. "हे कोंडिबा नाहीत. हे सखारामतात्या आहेत. तुमचा फोटो माझ्याकडून गेला. सगळ्या गावाचे गेले."

सखारामनं हातातला भात पानावर ठेवला.

"मला पोचवायला निघाला होतास की रे," तो म्हणाला.

अनसूयाबाईनं माळ खाली घेतली. ती ओरडली असती तर शिवदासला बरं वाटलं असतं. ती हळूच बोलली.

"फोटो गेला म्हणाला असतास तर मी ऐकलं असतं. माणूस गेला, तिथं फोटोचं काय. पण तू मला दिराच्या फोटोसमोर नवरा म्हणून रडायला लावलंस."

शिवदासनं फ्रेम खिळ्यावरून काढली आणि सगळ्यांच्या देखत ती काखेत मारून निघाला. माळ कोंडिबाच्या घरात जपून ठेवलेल्या फेट्याला घातली गेली.

नंतर तो दारोदार फिरला. तुमचे फोटो गेले, चूक माझी, असं एकेका उंबऱ्यावर सांगितलं. कुणी शिव्या दिल्या, कुणी दार लावून घेतलं. आता तो काढलेले फोटो ज्याचे त्याच्या हातात देतो, एक प्रत स्वतःकडं ठेवतो आणि एक मेव्हण्याच्या गावी पोचवतो. लोक परत बोलवायलाही लागलेत. पण अनसूयाबाईच्या दारावरून जाताना त्याची मान अजून वर होत नाही.

तात्पर्य: आठवणींची प्रत दुसऱ्या छपराखाली ठेवावी, आणि दुसऱ्याची ठेव आपल्या हातून गेलीच, तर त्याच दिवशी तोंडानं सांगावं, कारण झाकलेली चूक आधीच रडणाऱ्याला पुन्हा रडवते.