टिकलीचा बेदाणा बुडाला

स्वयंपाकघरात राहायची एक मुंगी. एवढीश्शी! नाव तिचं टिकली.

एकदा टिकलीला सापडला बेदाणा. गोड गोड, सुरकुतलेला. बिळात तिची पिल्लं भुकेली होती. टिकली निघाली फळीवरून बेदाणा ओढत. हुश्श हुश्श! हुश्श हुश्श!

फळीच्या टोकाला बेदाणा सटकला. खाली ओट्यावर होता काचेचा पेला. पेल्यात होतं पाणी. बेदाणा पडला, डुबुक! जाऊन बसला तळाशी.

टिकलीचं तोंड एवढंसं झालं. ती खाली उतरली. तुरु तुरु, तुरु तुरु. पेल्याच्या काठावर चढली.

"पाणीदादा, पाणीदादा,
माझा बेदाणा वर दे ना!"

पाणी म्हणालं, "मला कुठे हात आहेत? सोडा फसफसेल, तर देईन."

टिकली गेली सोड्याकडे. तुरु तुरु, तुरु तुरु. सोडा बसला होता डबीत.

"सोडाभाऊ, सोडाभाऊ,
पाणी बेदाणा देईना.
तू जरा फसफस ना!"

सोडा म्हणाला, "एकटा कसा फसफसू? लिंबू रस देईल, तर फसफसेन."

टिकली गेली लिंबाकडे. तुरु तुरु, तुरु तुरु.

"लिंबूमामा, लिंबूमामा,
सोडा फसफस करीना,
पाणी बेदाणा देईना.
तू जरा रस दे ना!"

लिंबू म्हणालं, "माझी साल बघ केवढी जाड! सुरी चिरेल, तर देईन."

टिकली गेली सुरीकडे. तुरु तुरु, तुरु तुरु.

"सुरीताई, सुरीताई,
लिंबू रस देईना,
सोडा फसफस करीना,
पाणी बेदाणा देईना.
तू जरा लिंबू चिर ना!"

सुरी म्हणाली, "मी आपली आपण हलत नाही. आई हातात धरेल, तर चिरीन."

टिकली गेली आईकडे. तुरु तुरु, तुरु तुरु. आई मेथी निवडत होती.

"जुईची आई, जुईची आई,
सुरी लिंबू चिरीना,
लिंबू रस देईना,
सोडा फसफस करीना,
पाणी बेदाणा देईना.
तू जरा सुरी धर ना!"

आई म्हणाली, "अगं, माझी जुई रुसून बसलीय. ती हसेल, तर धरीन."

टिकली गेली जुईकडे. तुरु तुरु, तुरु तुरु. जुई बसली होती पाय पसरून, गाल फुगवून.

"जुई, जुई,
आई सुरी धरीना,
सुरी लिंबू चिरीना,
लिंबू रस देईना,
सोडा फसफस करीना,
पाणी बेदाणा देईना.
तू जरा हस ना!"

"नाही हसणार, जा!" जुई म्हणाली. "माझा फुगा फुटला. फट्ट!"

आता कुणाकडे जायचं? पुढे कुणीच नव्हतं. टिकलीला रडूच आलं.

मग तिला दिसला जुईचा तळवा. गोरा गोरा, मऊ मऊ. टिकली हळूच वर चढली. गुदु गुदु, गुदु गुदु!

जुई फिस्सकन हसली. मग खुदुखुदु हसली.

"आई, ही मुंगी बघ! हिचा बेदाणा बुडालाय!"

जुई हसली, आईने सुरी धरली.
आईने सुरी धरली, सुरीने लिंबू चिरलं.

"जुई, चमचाभर सोडा टाक पेल्यात," आई म्हणाली. जुईने टाकला. आईने वरून लिंबू पिळलं.

लिंबाने रस दिला, सोडा फसफसला. फस्स फस्स फस्स! बुडबुडेच बुडबुडे! बुडबुडे बेदाण्याला चिकटले. बेदाणा निघाला वर. वर... वर... आला!

टिकली धावली. पण बुडबुडे फुटले. फुट् फुट् फुट्! बेदाणा पुन्हा खाली. डुबुक!

"अगं बाई, गेला!" टिकली म्हणाली.

"थांब गं," आई म्हणाली. "अजून बुडबुडे येताहेत. ते हलके असतात ना, उचलून आणतील त्याला."

जुईने चमचा धरला. तिघी बघत राहिल्या. बेदाणा हलला. डुलला. निघाला वर. वर... वर... आला!

जुईने चमच्याने टप्पकन उचलला. टिकलीसमोर ठेवला.

"घे गं तुझा बेदाणा."

टिकली बेदाणा ओढत घरी गेली. हुश्श हुश्श! हुश्श हुश्श! पिल्लांनी चाटून पाहिला.

"अय्या, आंबट-गोड!"

बेदाणा गेला बिळात,
गोष्ट आली कानात!